दगड लागला म्हणजे काय लागलं?

पुण्याहून नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल पार केला की खेड तालुका लागतो. डाव्या हाताला, नदीच्या उत्तर काठावर निघोजे. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. गावाचं शिवार कधीकाळी ज्वारी-बाजरीचं आणि कांद्याचं. आज त्याच शिवारात चाकण एमआयडीसीचे टप्पे आहेत. फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन 31 मार्च 2009 ला झालं आणि त्याच्या पत्त्यात निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी ही तिन्ही गावं येतात. पुढच्याच वर्षी महिंद्राचा मोठा कारखाना निघोज्याच्या हद्दीत सुरू झाला. शेजारच्या म्हाळुंग्यात बजाज ऑटो 1999 पासून होतीच. मोठ्या कारखान्यांमागून त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या शेडी आल्या, शेडींमागून गोदामं आली आणि कामगारांना राहायला खोल्या हव्यात म्हणून गावकऱ्यांच्या दोन-तीन मजली चाळी उभ्या राहिल्या.

म्हणजे एकाच गावात दोन प्रकारची बांधकामं चालतात. एका बाजूला शेकडो कोटींचा कारखाना. त्याच्या प्रत्येक बोल्टचं ड्रॉइंग असतं, ते तपासणारा वेगळा आणि तपासणाऱ्याला तपासणारा आणखी वेगळा. दुसऱ्या बाजूला चाळ. तिचा नकाशा ठेकेदाराच्या डोक्यात आणि सळयांचा हिशोब त्याच्या बोटांवर. दोन्हींच्या फायलीत स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असते. पहिल्याने सल्ला विकत घेतलेला असतो आणि त्याच्या पोटात सही आलेली असते. दुसऱ्याने बहुतेक वेळा नुसती सही घेतलेली असते. या धंद्याचं सगळं बरं-वाईट या फरकात आहे.

सल्ला नेमका कसला असतो, हे कळायला आधी जमिनीखाली जायला हवं.

निघोज्याची जमीन दख्खनच्या पठाराची, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कच्चा खडक, मग पक्का काळा दगड. नदीकडे जावं तसा वर गाळाचा थर वाढतो, नदीपासून वर चढावं तशी माती पातळ होते आणि काही ठिकाणी मुरूम उघडाच दिसतो. गावातला कुठलाही म्हातारा शेतकरी हे सांगेल, कारण त्याने किंवा त्याच्या बापाने विहीर खोदलेली असते. जुनी विहीर हा फुकटचा ट्रायल पिट असतो. कठड्यावरून वाकून बघितलं की थर ओळीने दिसतात आणि पाणी उन्हाळ्यात कुठे, पावसाळ्यात कुठे, तेही समजतं. चांगला कन्सल्टंट साइटवर पहिल्यांदा गेला की आधी आजूबाजूच्या विहिरी बघतो. जो विहीर न बघता थेट लॅपटॉप उघडतो, त्याच्याबद्दल मला जरा शंका येते.

पण विहीर पुरत नाही. दोनशे फुटांवर थर बदलतो. म्हणून बोअर घ्यायचा. तिपाई उभी राहते, वरून दोरी येते आणि दोरीच्या टोकाला 63.5 किलोंचा हातोडा असतो. तो बरोबर 75 सेंटिमीटरवरून सोडायचा. खाली पोकळ नळी मातीत शिरते. नळीवर खडूने पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या असतात. पहिली पंधरा सोडून द्यायची, कारण तिथली माती बोअर घेताना ढवळलेली असते. पुढच्या तीस सेंटिमीटरला किती ठोके लागले ते लिहून ठेवायचं. याला एसपीटी म्हणतात आणि जगभर हीच पद्धत आहे. मऊ मातीत पाच-सहा ठोक्यांत काम होतं. चांगल्या मुरमात पन्नास ठोके मारूनही नळी हलत नाही, तेव्हा ‘रिफ्यूजल’ लिहितात. ठोके मोजणारा पोरगा मोजतो आहे की गप्पा मारतो आहे, यावर पुढे कोट्यवधींची इमारत उभी राहणार असते. तिथे सावलीतली खुर्ची सोडून उभं राहणारा इंजिनिअर सोन्याच्या किमतीचा.

मग ड्रिलवाला ओरडतो, “साहेब, दगड लागला. मशीन काढू का?”

या पट्ट्यातली बरीच भांडणं या एका वाक्यातून निघतात. आपला बेसॉल्ट वरून कुजत येतो तेव्हा सगळा सारखा कुजत नाही. भेगांच्या कडेने पाणी आत शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि मधला गाभा गोल धोंडा होऊन शिल्लक राहतो. त्याच्याभोवती मुरमाचे पापुद्रे सुटतात, चाकणच्या बाजारातल्या कांद्यासारखे. बोअर नेमका अशा धोंड्यावर बसला तर टणक आवाज येतो, ठोके वाढतात, सगळ्यांना हायसं वाटतं. धोंडा असतो मीटर-दीड मीटरचा आणि त्याच्याखाली पुन्हा मऊ मुरूम. दुसरा सापळा तांबड्या थराचा. एक लाव्हा वाहून थंड झाला, त्याची वरची माती झाली, मग त्यावर दुसरा लाव्हा आला. मधली माती भाजून लाल झाली. तिला भूगर्भवाले ‘रेड बोल’ म्हणतात, आपले लोक गेरू म्हणतात. कोरडा असताना हा थर दगडासारखा वाटतो. ओला झाला की त्याचं लोणी होतं. वर पक्का दगड आणि खाली गेरू अशी गाठ असेल, तर वरचा दगड लागला म्हणून खुश होणं महागात पडतं.

म्हणून नियम असा, की दगड लागला तरी थांबायचं नाही. हातोडा बाजूला ठेवायचा, हिऱ्याचं बिट लावायचं आणि दगडात आणखी काही मीटर शिरायचं. बाहेर येतात ते दगडाचे गोल दांडके, म्हणजे कोअर. लाकडी पेटीत खोलीनुसार ते ओळीने मांडतात, मधे लाकडाच्या ठोकळ्यांवर मीटर लिहितात. या पेटीकडे पाच मिनिटं नीट बघितलं तर पन्नास पानी रिपोर्टपेक्षा जास्त समजतं. दीड मीटर खोदलं आणि पेटीत सत्तर सेंटिमीटरच दांडकं आलं, तर उरलेलं कुठे गेलं? ते इतकं ठिसूळ होतं की पाण्याबरोबर वाहून गेलं. आलेल्या तुकड्यांपैकी दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची लांबी मोजायची आणि एकूण खोदलेल्या लांबीशी टक्केवारी काढायची. हा आरक्यूडी, अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ डॉन डीअर यांनी 1960 च्या दशकात रूढ केलेला. पंचवीस टक्क्यांच्या खाली आला तर नावाला दगड, कामाला मुरूम. काही तुकड्यांत बारीक पोकळ्या आणि त्यांत पांढरे स्फटिक दिसतात. हे झिओलाइट. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले असले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट तर प्रसिद्धच आहे. इंजिनिअरला मात्र ते बघून आनंद होत नाही. पोकळ्यांचा दगड म्हणजे कमी ताकदीचा दगड.

काळ्या मातीची परीक्षा तर घरीही करता येईल इतकी सोपी आहे. माती वाळवून, बारीक चाळून दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. एक भाग काचेच्या मोजपात्रात पाण्यात, दुसरा रॉकेलमध्ये. ढवळून चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये ती 10 मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात 17 वर, तर फुगण्याचं प्रमाण 70 टक्के. पन्नासच्या वर गेलं की धोक्याची जमीन समजायची. पावसाळ्यात ही माती फुगून हलकी इमारत वर उचलते, उन्हाळ्यात आकसून खाली सोडते. एकमजली शेडच्या भिंतीला तिरक्या चिरा, कंपाउंडची भिंत सापासारखी वाकडी, दरवाजा पावसाळ्यात अडकतो आणि मे महिन्यात सुटतो: ही सगळी तिची कामं. जड इमारतीपेक्षा हलकी इमारत तिला जास्त सापडते, हे लोकांना उलटं वाटतं. तोडगा म्हणजे ती काढून टाकायची आणि चांगला मुरूम थरथराने दाबून भरायचा. ती फार खोल असेल तर मात्र सगळी काढणं परवडत नाही. 1970 च्या दशकात आयआयटी मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या कामासाठी दाखवून दिलं, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर दिला तर खालची फुगण्याची ताकद दबून राहते. सीएनएस या नावाने ही पद्धत पुढे देशभर वापरात आली. मराठी मुलखातल्या मातीचं दुखणं आणि त्याच मुलखातल्या संस्थेतला इलाज, असा योग फार वेळा येत नाही.

या सगळ्यातून इंजिनिअरला हवा असतो एक आकडा: एसबीसी, म्हणजे जमीन चौरस मीटरला किती टन वजन निर्धास्त पेलेल. समजा एका कॉलमवर 90 टन येतात. जमीन 15 टन घेते म्हणाली तर कॉलमखालचा पाया, म्हणजे फुटिंग, सहा चौरस मीटरचं, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर बाजूचं. 45 टन घेते म्हणाली तर दोन चौरस मीटरचं, 1.4 मीटर बाजूचं. मधला फरक पाहा: खोदाई, काँक्रीट, स्टील सगळं तिपटीने बदललं. अशी साठ-सत्तर फुटिंग असली की सॉइल रिपोर्टची फी त्या फरकात कुठल्या कुठे जिरून जाते. तपासणीचा खर्च मध्यम आकाराच्या शेडला एकूण खर्चाच्या एका टक्क्याच्याही आत बसतो. तरीही मालक नेमका तिथेच हात आखडता घेतो. बोअर चारऐवजी दोन होतात, दोनाचा एक होतो आणि शेवटी शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट झेरॉक्स करून फायलीत लागतो.

जमीन झाली, आता छप्पर. भारतीय मानक 875 हे इमारतीवर कोणकोणती वजनं येतात ते सांगणारं मानक. त्याचे पाच भाग. पहिला स्वतःच्या वजनाचा, दुसरा वापराच्या वजनाचा, तिसरा वाऱ्याचा, चौथा बर्फाचा, पाचवा इतर. निघोज्यातला कन्सल्टंट चौथा भाग कधी उघडत नाही. आल्प्समधल्या दावोससारख्या गावात काम करणाऱ्याचं पोट मात्र बर्फाच्याच हिशोबावर चालतं. तिथे हिवाळ्यात छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर शेकडो किलोंचं बर्फ साचेल असं धरावं लागतं, म्हणून छपरं जाड, तुळया भक्कम. तिथल्या छपराची भीती खाली बसण्याची असते, आपल्याकडच्या छपराची वर उडण्याची. हिशोब सोपा आहे. मानकाप्रमाणे पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्या वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणलं की चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन दाब येतो, साधारण 93 किलो. वादळात शटर उघडं राहिलं तर हाच वारा आतून वर ढकलतो आणि बाहेरून वर खेचतो. समोर छपराचं वजन किती? पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या (पर्लिन) मिळून चौरस मीटरला दहा-पंधरा किलो. पीईबी शेड, म्हणजे कारखान्यात कापून-जोडून आणलेलं आणि साइटवर बोल्टने उभं केलेलं लोखंडी घर, जमिनीला धरून ठेवतं ते त्याचं फुटिंग आणि अँकर बोल्ट. शेडच्या फुटिंगवर काँक्रीट जरा जास्त दिसलं की ठेकेदार म्हणतो, “एवढ्या हलक्या शेडला एवढं कशाला?” शेड हलकी आहे म्हणूनच ते लागतं.

याच छपरावरून कन्सल्टंट आणि पीईबी कंपनीचे खटके उडतात. आपलं मानक सपाट छपरावर दुरुस्तीला चढणारी माणसं वगैरे धरून चौरस मीटरला 75 किलो भार घ्यायला सांगतं. अमेरिकी पीईबीच्या पद्धतीत तो साधारण 57 किलो धरतात. मोठ्या शेडीत या अठरा किलोंमधून कित्येक टन स्टील वाचतं, म्हणून कोटेशन स्वस्त दिसतं. मालक दोन कोटेशनं शेजारी ठेवून स्वस्तावर बोट ठेवतो. कुठल्या मानकाने हिशोब केला हे कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. मग दोन वर्षांनी छपरावर सोलर पॅनेल टाकायची टूम निघते, आतून डक्ट आणि केबल ट्रे लटकतात आणि मूळ हिशोबात त्यांची जागाच नसते. या वेळी कन्सल्टंटला बोलावतात ते ‘चालेल’ असं लिहून घ्यायला. चालत नसेल तर दुसऱ्याला बोलावतात. असा दुसरा कुणीतरी सापडतो, ही खरी अडचण आहे.

पाण्याकडेही असंच दुर्लक्ष करायची सवय आहे. फायर टँकसाठी जमिनीत साडेतीन मीटर खोल टाकी बांधली. जुलैमध्ये भूजल वर आलं, जमिनीखाली अर्ध्या मीटरपर्यंत. टाकी अजून रिकामी. खालून येणारा पाण्याचा रेटा चौरस मीटरला तीन टन. टाकीच्या तळाची स्लॅब तीस सेंटिमीटर जाड असली तरी तिचं वजन पाऊण टन. भिंती आणि वरची स्लॅब धरूनही गणित जुळलं नाही, तर टाकी बोटीसारखी वर येते. पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवा, एवढं एक वाक्य ड्रॉइंगवर असावं लागतं. ते लिहिणारा आणि वाचणारा, दोघंही लागतात.

आता नदी. निघोज्याला इंद्रायणीवर बंधारा आहे. आंद्रा धरणातून नदीत सोडलेलं पाणी पिंपरी-चिंचवड महापालिका इथून उचलून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेते. या योजनेचा वाटा दिवसाला 100 दशलक्ष लिटरचा. म्हणजे शहराच्या घशाखाली जाणारं पाणी या गावाच्या काठाने येतं. तीच नदी पावसाळ्यात काठ सोडते. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत इमारतीला बंदी: बाग, पार्किंग, मोकळा बाजार एवढंच. निळ्या आणि लाल रेषेमध्ये अटींवर परवानगी; 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर उचलावं लागतं. गंमत म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या हिमस्खलनाच्या नकाशांत हेच दोन रंग उलटे आहेत. तिथे लाल पट्ट्यात पूर्ण बंदी, निळ्यात अटींवर परवानगी. रंग कुठलेही असोत, रेषा नकाशावर आहे की नाही हे बघून प्लॉट घेण्याची सवय तिथे लागलेली आहे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ लोक असा घेतात, की पूर 2019 ला येऊन गेला, आता 2044 पर्यंत निवांत. तसं नसतं. प्रत्येक वर्षी शंभरात चार अशी शक्यता असते आणि ती दर वर्षी नव्याने असते. तीस वर्षं टिकायची इमारत बांधली तर त्या तीस वर्षांत एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता 71 टक्के निघते. लाल रेषेच्या पुराचीसुद्धा 26 टक्के, म्हणजे चारांत एक. एवढी शक्यता असलेल्या अपघातासाठी आपण विमा काढतो आणि काठावर बंगला मात्र बांधतो.

निघोज्याजवळच नदीच्या पलीकडच्या चिखलीत 17 मे 2025 ला हे सगळ्यांनी पाहिलं. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले 36 बंगले महापालिकेने राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पाडले. सर्वोच्च न्यायालयातही मालकांना दिलासा मिळाला नव्हता. बांधकाम चांगलं होतं की वाईट, हा प्रश्नच तिथे आला नाही. पाडताना काही तासांत पोकलेनने जे झालं, ते प्लॉट घेण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा उघडून टळलं असतं. कुठल्याही जाणत्या कन्सल्टंटचा पहिला शब्द ‘नको’ असता. पण त्या ‘नको’ची फी द्यायला कोण तयार होतं?

नदीच्या वरच्या अंगाला, मावळात कुंडमळ्याला महिन्याभराच्या आतच, 15 जून 2025 ला, जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. त्यापूर्वी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, तेव्हापासून राज्यात पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. ऑडिट करणारा कन्सल्टंट गंज मोजतो, काँक्रीटवर हातोडा मारून आवाज ऐकतो, अल्ट्रासाउंडने आतली पोकळी शोधतो आणि अहवाल देतो. त्याचं काम तिथे संपतं. पूल बंद करायला लागते ती कुलूप-साखळी आणि ती लावणारा माणूस. पाटी लावणं हे सल्ला मिळाल्याची पोच देण्यासारखं आहे. सल्ला पाळल्याचं लक्षण नव्हे.

डोंगरातला दाखला हवा असेल तर शेजारचा आंबेगाव तालुका आहे. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर आला आणि 151 माणसं गेली. सह्याद्रीतल्या या वाड्यांनाच आल्प्समधल्या गावांशी खरं नातं सांगता येईल: उतार, पाऊस, पाण्याने जड झालेली माती. नवं माळीण आमड्याला वसवलं, एप्रिल 2017 मध्ये लोकार्पण झालं आणि जूनच्या पहिल्याच जोरदार पावसात भरावाची जमीन खचून रस्त्यांना तडे गेले. घरं टिकली, पण लोक पुन्हा घाबरले. उतार कापून एका बाजूला भराव टाकला की तो भराव बसायला काही पावसाळे लागतात, हे पुस्तकात असतं. उद्घाटनाच्या तारखेला ते माहीत नसतं.

सल्लागार अभियंता ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात 1854 ची. तिथून 1883 ला बाहेर पडलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याला 1903 मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. 1908 च्या सप्टेंबरात मुसीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा निजाम सरकारने त्यांना खास सल्लागार म्हणून बोलावलं. नुसत्या शहरातल्या भिंती उंच करा असं ते म्हणाले नाहीत. आधी पाऊस आणि नदीच्या पात्राचा हिशोब मांडला आणि शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारे जलाशय बांधायला सांगितलं. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. त्यांचा हा क्रम बघण्यासारखा आहे. गिऱ्हाईक इलाज मागतं. सल्लागाराने आधी दुखणं शोधायचं असतं.

आज त्या जागेवर बसलेल्या माणसाची अवस्था चमत्कारिक आहे. आर्किटेक्टसाठी देशात 1972 चा कायदा आणि परिषद आहे. इंजिनिअरच्या व्यवसायाला तसं कायद्याचं छत्र दीर्घकाळ मिळालेलं नाही. नियोजन प्राधिकरणाकडे नोंदणी केली की सही चालते. निघोज्यात एमआयडीसीच्या भूखंडाला एमआयडीसीच मंजुरी देते, बाहेरच्या जमिनीला 2015 पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कार्यालयं. जर्मनीत मोठ्या इमारतीचं गणित स्वतंत्र परीक्षक अभियंत्याने पुन्हा तपासायची पद्धत आहे आणि परदेशी कंपन्यांच्या प्रकल्पांत अशी सवय इकडेही दिसते. आपल्याकडे मोठ्या कामांना प्रूफ कन्सल्टंट असतो, पण चाळीला कोण लावणार?

आणि खरा धोका चाळीतच आहे. खाली दुकानं आणि पार्किंग, म्हणून तळमजल्याला भिंती नाहीत; वर दोन-तीन मजले खोल्या, प्रत्येक खोलीला विटांच्या भिंती. भूकंप आला तर वरचा भाग एकसंध हलतो आणि सगळा ताण खालच्या उघड्या कॉलमवर येतो. 26 जानेवारी 2001 ला भूजच्या भूकंपात केंद्रापासून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच इमारती बसल्या. पुणे भूकंप नकाशात 2002 आणि 2016 च्या मानकांप्रमाणे तिसऱ्या विभागात येतं. कोयना 1967 आणि किल्लारी 1993 आपल्याच राज्यातले. उपाय महाग नाही. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना रिंगा जवळजवळ बांधायच्या, रिंगेचं टोक आतल्या बाजूला 135 अंशात वळवायचं. 90 अंशात वळवलं तर काँक्रीट फुटताच रिंग उघडते. सळई वाकवणाऱ्याला हे वळण जास्त त्रासाचं वाटतं म्हणून तो नव्वदवर सोडतो. बिल तेवढंच येतं. स्लॅबच्या आदल्या दिवशी इंजिनिअर साइटवर आला तर दोन मिनिटांत दिसतं. स्क्वेअर फुटाला चार पैसे कमी म्हणून ज्याला निवडलं, तो त्या दिवशी येत नाही. सहीचा कागद मुलाबरोबर पाठवतो.

निघोज्यात किंवा आसपास खोली, शेड, बंगला काहीही बांधणार असाल तर फी ठरवण्याआधी तीन गोष्टी मागा. सॉइल रिपोर्ट, त्यातल्या कोअरच्या पेट्यांचे फोटो आणि साइटवर किती वेळा येणार ते लेखी. पूररेषेचा नकाशा स्वतः जाऊन बघा. आणि सॉइल रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावरचा एसबीसी वाचण्याआधी पहिल्या पानावर गट नंबर कुणाचा आहे ते तपासा.